संबोधनाची विभक्ती

दुःखाच्या आणि गोंधळाच्या काळात देवावर विश्वास ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ‘काय मानणं’ असं मी म्हणत नाही, ‘काय करणं’ असं म्हणतो. आपल्याकडे विश्वास हा शब्द बहुधा मताच्या अर्थानं वापरला जातो. अमक्याचा देवावर विश्वास आहे म्हणजे देव आहे, तो दयाळू आहे, तो आपलं बरं करील असं त्याचं मत आहे. मग घरात कर्तं माणूस अकाली जातं, आजार हटत नाही, वर्षानुवर्षं केलेलं नामस्मरण एकाएकी कोरडं पडतं, आणि ते मत डळमळू लागतं. मत डळमळलं की माणसाला वाटतं, आपला विश्वासच संपला; वर आपण भक्त म्हणून नापास झालो याची खंत वेगळी. माझं म्हणणं असं की डळमळतं ते मत. विश्वासाचं राहतं घर दुसरीकडे आहे, आणि त्याचा पत्ता मराठी संतांनी, त्यातही तुकोबांनी, फार नेमका लिहून ठेवला आहे. तो व्याकरणाच्या भाषेत सांगता येतो, म्हणून व्याख्यानाला हे नाव दिलं.

शाळेत आपण आठ विभक्ती शिकतो. प्रथमेपासून सप्तमीपर्यंतच्या सातांत नामाचं वाक्यातल्या दुसऱ्या शब्दांशी नातं ठरतं: कोणी केलं, कोणाला दिलं, कशानं घडलं, कुठून आलं, कोणाचं आहे, कुठे आहे. आठवं संबोधन मात्र या पंक्तीत बसत नाही. ‘रामा’ अशी हाक मारली की राम त्या वाक्यात कर्ता होत नाही, कर्मही होत नाही. तो वाक्याबाहेर, बोलणाऱ्याच्या समोर उभा असतो. आता देवाविषयी आपण जे बोलतो ते तपासून पाहा. देवानं जग केलं, देवाची इच्छा, देवाला ठाऊक, देवाकडून आलेलं भोगायचं: सगळं पहिल्या सात विभक्तींतलं. ही विधानं आहेत आणि विधानं खोटी पडू शकतात. संकटाचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. ‘देवा’ ही हाक खोटी पडू शकत नाही. ती ऐकली जाईल किंवा जाणार नाही, पण तिचं खंडन करता येत नाही. संतांचा विश्वास म्हणजे सात विभक्ती हातातून सुटल्या तरी ही आठवी न सोडणं, असं मला म्हणायचं आहे. आणि ही हाक त्यांनी मारली ती एकेरीत. आपल्या घरांत ‘बाबा, या’ आणि ‘आई, ये’ असं म्हणायची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. विठोबाला वारकऱ्यांनी ‘ये’ म्हटलं, विठाई म्हटलं, माउली म्हटलं. ज्याच्याशी अदबीनं बोलायचं त्याच्याशी भांडता येत नाही, आईशी येतं.

पुराव्यासाठी देहूला जाऊ. १६३० साली पाऊस गेला आणि गुजरात व दख्खन दोन्हीकडे दुष्काळ पडला. सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यानं वाटेत पडलेल्या प्रेतांची वर्णनं आपल्या रोजनिशीत लिहिली आहेत. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानं बादशाहनाम्यात जे लिहिलं ते वाचवत नाही: भाकरीच्या तुकड्यासाठी माणसं जीव विकायला निघाली आणि घ्यायला कोणी नव्हतं. त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळून ओसाड केलं. इंद्रायणीकाठचं देहू तिथून एका दिवसाच्या चालीवर. तिथे मोऱ्यांच्या घरात पिढीजात महाजनकी होती, वाण्याचा व्यवसाय होता, घराण्यात विठ्ठलाची उपासना होती. या घरातल्या तुकोबांची थोरली बायको रखमाबाई दुष्काळात अन्नावाचून गेली. संतू नावाचा मुलगा गेला. आईवडील आणि भावजय आधीच गेले होते, थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला होता. धंदा बुडाला, दिवाळं वाजलं, गावात पत उरली नाही. ही हकीकत चरित्रकारांच्या आधी तुकोबांनी स्वतः सांगितली आहे, आत्मचरित्रपर अभंगांत, आणि सांगण्याची पद्धत अशी की वाचणाऱ्यानं थबकावं. जात, धंदा, आईबापांचा मृत्यू, दुष्काळ, भुकेनं मेलेली बायको, लाज: वहीत नोंदी कराव्या तसं एकेक कलम येतं. त्यात कुठेही ‘असं का झालं’ याचा उलगडा नाही. पुढचं कलम असं की देवाचं पडकं देऊळ होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. घर कोसळलेला माणूस देवळाची भिंत उभी करायला जातो. त्यानं आधी देवाविषयीचं कोडं सोडवलं आणि मग काम हाती घेतलं, असा क्रम तिथे नाही. कोडं तसंच राहिलं.

पुढे जे घडलं त्याला गुरुदेव रा. द. रानड्यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाराष्ट्रातील गूढवादावरच्या इंग्रजी ग्रंथात ‘आत्म्याची काळोखी रात्र’ म्हटलं. ही संज्ञा त्यांनी सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या संत योहानाकडून घेतली. योहानाला त्याच्याच संप्रदायातल्या लोकांनी १५७७च्या डिसेंबरात पकडून तोलेदोच्या मठात एका अरुंद कोठडीत डांबलं होतं आणि पुढच्या ऑगस्टात तो तिथून निसटला. रानड्यांनी दोन दूरच्या माणसांमधलं साम्य ओळखलं, हे त्यांचं मोठंच काम. तरी त्या मांडणीत मला एक धोका दिसतो. रात्र म्हटली की पहाट ठरलेली. मग तुकोबांचा तळमळाट ही एक पायरी होऊन बसते: आधी संशय, मग साक्षात्कार, शेवटी आनंद. पण गाथा कालक्रमानं लावलेली नाही. कोणता अभंग कोणत्या साली झाला हे ठरवण्याचं साधन, काही मोजके प्रसंग सोडले तर, आपल्या हाती नाही. मुंबई सरकारच्या मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यातून एकोणिसाव्या शतकात निघालेली शंकर पांडुरंग पंडितांची आवृत्ती घ्या किंवा नंतरची सरकारी आवृत्ती घ्या. साडेचार हजारांवर अभंगांत आनंदाचे डोही आणि कोरडे पाषाण एकमेकांना खेटून आहेत. ‘आधी रडला, मग हसला’ ही गोष्ट आपण त्यावर चढवतो, कारण तिच्यानं आपल्याला धीर येतो. गाथा एवढंच सांगते की हा माणूस दोन्ही अवस्थांत एकाच कोणाशी तरी बोलत होता.

बोलत कसा होता, ते वह्यांच्या प्रसंगात जवळून दिसतं. शूद्रानं प्राकृतात कवित्व करून त्यात वेदांचा अर्थ आणावा हे धर्माविरुद्ध ठरलं आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. हा निर्णय वाघोलीच्या रामेश्वर भटांचा असं परंपरा सांगते. पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले, असंही तीच सांगते. या नदीत तुकोबांच्या हातचे कागद पडण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं आपण होऊन बुडवली होती. धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्याला देऊन उरलेल्या खतांवरचं लोकांचं देणं त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्यांदा बुडाली ती कविता, आणि ती त्यांच्या खुशीनं बुडाली नाही. मग ते देवाच्या दारात शिळेवर धरणं धरून बसले. ती शिळा देहूत आजही दाखवतात. तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय गेले, हे त्यांच्याच अभंगात आहे. पुढे वह्या कोरड्या वर आल्या की नाही, यावर वाद घालणाऱ्यांनी तो जरूर घालावा; माझा मुद्दा वह्या वर येण्यावर उभा नाही. तो ‘धरणं’ या शब्दावर उभा आहे.

धरणं हा आज मोर्चा-निदर्शनांतला शब्द झाला आहे. तेव्हा तो सावकारीतला, देण्याघेण्यातला होता. देणेकरी दाद देईना की घेणेकरी त्याच्या दारात उपाशी बसायचा. दारात माणूस उपाशी असताना आतल्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. धरणेकरी मेला तर त्याचं पाप घरमालकाच्या डोक्यावर. ही चाल इतकी जोरकस होती की इंग्रजांना तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले. १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८व्या कलमाखाली जे पहिलं उदाहरण दिलं होतं, ते दारात धरणं धरून बसलेल्या माणसाचंच आहे. तुकोबा महाजनाच्या घरातले. वसुली कशी करतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. अशा माणसानं देवाच्या दारात धरणं धरावं, यात काय काय गृहीत आहे ते पाहा. घेणेकरी कोणाच्याही दारात बसत नाही. ज्याच्याकडे आपलं येणं आहे आणि ज्याला लाज आहे, अशाच्याच दारात बसतो. निर्लज्जापुढे धरणं वाया जातं, आणि रिकाम्या घरापुढे कोणी बसत नाही. त्या तेरा दिवसांत तुकोबा देवाला काय म्हणत होते? दगडाचं पांघरूण घेऊन बसला आहेस, असा टोमणा मारत होते. मताच्या मापानं मोजलं तर ही अश्रद्धा. धरण्याच्या मापानं मोजलं तर याहून मोठा भरवसा दाखवता येत नाही. आणि सगळं निभावल्यावर त्यांनी देवाची माफी मागितली, मी तुझी कसोटी पाहिली, तुला त्रास दिला म्हणून. ज्याच्याशी नातं आहे त्याचीच माफी मागतात.

याच्या उलट एक अभंग गाथेत आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्यात तुकोबा म्हणतात की आपल्या हिशेबी देव संपला. ज्याला असेल त्याला असो. आता त्याच्याशी बोलणं नाही, त्याचं नाव घेणं नाही, दोघांचा संबंध तुटला. नास्तिकांनी हा अभंग मिरवावा आणि भाविकांनी त्याचा आध्यात्मिक अर्थ लावून त्याची धार घालवावी, हे दोन्ही झालेलं आहे. मला त्याचं व्याकरण महत्त्वाचं वाटतं. तिथे संबोधन नाही. एरवी ‘देवा’, ‘पांडुरंगा’, ‘विठोबा’ म्हणून उठणारा हा माणूस तिथे देवाविषयी बोलतो, त्याच्याकडे पाठ करून, तृतीय पुरुषात. विश्वास तुटतो तेव्हा काय तुटतं, हे त्या अभंगाइतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही: मत नव्हे, बोलणं तुटतं. तुकोबांना तिथपर्यंत जाऊन यावं लागलं. पण त्या तुटण्याचाही त्यांनी अभंग केला, त्याला ‘तुका म्हणे’ची नाममुद्रा दिली, आणि ज्यांनी त्या काळी वह्या उतरल्या, पाठ केल्या, फडांवर जपल्या, त्या वारकऱ्यांनी तो गाळला नाही. आपल्या संताच्या तोंडचं देव संपल्याचं वाक्य ज्या संप्रदायानं तीन-साडेतीन शतकं सांभाळलं, त्याला विश्वास म्हणजे काय हे आपल्यापेक्षा अधिक कळलं होतं असं मला वाटतं. त्यांना ठाऊक असावं की उद्या कोणी तरी याच जागी येईल. त्याला ही जागा ओसाड वाटू नये.

कान्होबाची साक्षही यातलीच. १६५०च्या सुमारास तुकोबा गेले, तेव्हा मागे राहिलेल्या धाकट्या भावानं जे अभंग केले ते गाथेतच छापले जातात. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, असा जयघोष पुढे झाला. भावाच्या अभंगांत मात्र आधी ऊर फुटणं आहे आणि मग पांडुरंगाशी रोख भांडण. माझा भाऊ नेलास तो तूच, जाब तुलाच विचारणार, अशी ती भाषा. वैकुंठ ही बातमी त्याला पुरेशी नव्हती.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप हा की हा सगळा विश्वास अन्याय पचवायला शिकवतो. पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्याजवळ चोखोबांची समाधी. आत येऊ दिलं नाही, आणि मेल्यावर दाराशी जागा दिली. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते अंगावर कोसळून गेले, वेठीच्या कामावरच. त्यांनी आयुष्यभर विठ्ठलाला हाक मारली आणि दार उघडलं नाही. मग हाकेचा उपयोग काय, हाकेनं बंडाची वाफच निघून गेली की नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांत केवळ बाहेरचे टीकाकार नाहीत. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा यानं तो देवालाच विचारला आहे. आम्हाला या जातीत घालून जन्मभर दुसऱ्यांच्या उष्ट्यावर ठेवलंस, याचा तुला संकोच वाटतो की नाही, एवढाच त्याचा सवाल. बापाच्या नम्रतेपेक्षा मुलाचा हा सवाल मला अधिक विश्वासाचा वाटतो, आणि आक्षेपाला अर्धं उत्तर तिथेच आहे. ‘हे तुझं प्रारब्ध’ असं सांगणारा धर्म सात विभक्तींतला. तो माणसाला गप्प बसवतो. संबोधनातला धर्म तोंड उघडतो, आणि एकदा उघडलेलं तोंड देवापुढे उघडलं म्हणून माणसांपुढे बंद राहीलच असं नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला होता, भीड टाकून बोलण्याविषयीचा. मुक्या समाजाचं पत्र काढताना त्यांना तुकोबा आठवले, ते उगाच नाहीत. १९४८ साली त्यांनी अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला.

उरलेलं अर्धं उत्तर मला देता येत नाही आणि देण्याचा आव मी आणणार नाही. विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं व्हायला १९४७ उजाडावं लागलं. साने गुरुजी आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरले, मग मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा बडव्यांचं मन वळलं. चोखोबांच्या मृत्यूपासून सहाशे नऊ वर्षं. या सहाशे नऊ वर्षांत किती पिढ्यांची हाक दाराबाहेर विरली, त्याचा हिशेब कोणताही भक्तिमार्गी देऊ शकत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली ते दारच सोडलं आणि लाखोंना बरोबर नेलं. त्यांना विश्वास कमी पडला असं म्हणण्याचा अधिकार दाराच्या आत असलेल्या कोणालाही नाही. मी एवढंच म्हणेन की दार लावलं ते माणसांनी, आणि ते लावताना त्यांनी देवाचं नाव नेहमी तृतीय पुरुषात घेतलं: देवाला विटाळ होतो, देवाची आज्ञा आहे, देवाला हे चालत नाही. देवाच्या तोंडावर, ‘देवा, तुला चोख्याचा विटाळ होतो’, असं बोलून दाखवायला कोणीच धजलं नसतं.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूनं येतो. तुकोबांनीच कुठे कुठे म्हटलं आहे की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळ पडला ते बरं झालं, कारण त्यामुळे मन देवाकडे लागलं. म्हणजे शेवटी दुःख हे देवाचं औषधच ठरवलं ना? भुकेनं मेलेल्या बाईच्या मरणातून नवऱ्याला मिळालेला देव आपल्याला मान्य करता येईल का? हा आक्षेप मला मनापासून पटतो, आणि तो पटूनही मी म्हणतो की अभंग नीट वाचावा. ‘बरं झालं’ हे तुकोबा स्वतःविषयी म्हणतात, देवाला उद्देशून म्हणतात, आणि मागे वळून पाहताना म्हणतात. ते वाक्य तिथून उचलून दुसऱ्याच्या घरी नेलं की त्याचं विष होतं. शेजारच्याचं पोर गेलं असताना ‘देवानं काही तरी चांगल्यासाठीच केलं असेल’ असं सांगणारा माणूस शब्द तुकोबांचेच वापरतो. पुरुष आणि विभक्ती बदलून. रखमाबाईंच्या वतीनं ‘बरं झालं’ म्हणण्याचा हक्क तुकोबांनाही नव्हता. त्यांनी आत्मचरित्रात तिच्या मरणाची नोंद केली ती लाजेसकट केली, हे विसरू नये.

सांत्वनाचा हा प्रश्न जगातल्या एका फार जुन्या ग्रंथात मांडून ठेवला आहे. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. ते गप्प होते तोवर उत्तम मित्र होते. मग बोलू लागतात, आणि जे बोलतात ते धर्मदृष्ट्या निर्दोष: देव न्यायी आहे, तेव्हा तुझं काही तरी चुकलंच असणार. ईयोब मात्र देवालाच ओरडून विचारतो, मला का छळतोस. शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की ईयोब योग्य बोलला, तुम्ही नाही. ‘माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत’ असं भाषांतर बहुतेक ठिकाणी मिळतं. पण मूळ हिब्रू शब्दाचा सरळ अर्थ ‘माझ्याशी’ असाही होतो. हा दुसरा अर्थ घेतला की सगळं पुस्तक उजळतं. मित्र देवाचं समर्थन करत होते, देवाशी एक अक्षर बोलत नव्हते. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. ईयोबापासून तुकोबांपर्यंतही असाच एक पूल आहे असं मला वाटतं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत साधा: ऐकणारा कोणी नसेलच तर? मग ही सगळी हाक म्हणजे माणसानं रिकाम्या खोलीत स्वतःशी केलेलं बोलणं. याला मी तर्कानं उत्तर देत नाही, कारण तर्कानं दिलेलं उत्तर पुन्हा देवाविषयीचं विधान होईल आणि आपण फिरून पहिल्या सात विभक्तींत येऊ. एक उदाहरण पुढे ठेवतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपानं आली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांतून कळलं की कोलकात्यात मरणाऱ्यांची सेवा सुरू केली त्या सुमारापासून जवळजवळ अर्धशतक त्यांना देवाचं अस्तित्व जाणवलं नव्हतं. आत काळोख, प्रार्थनेला प्रतिसाद नाही, विश्वास उरला आहे की नाही याचीच शंका. ही पहाट ठरलेली रात्र नव्हे. मधला थोडा काळ सोडला तर हा काळोख मरेपर्यंत राहिला असं पत्रं सांगतात. काहींनी तेव्हा म्हटलं की या बाई श्रद्धावान नव्हत्याच. पण त्याच पत्रांत धर्मगुरूच्या सांगण्यावरून त्यांनी येशूला उद्देशून लिहिलेलं एक पत्र आहे. तू नाहीस असं वाटतं, हे त्यांनी त्यालाच लिहून कळवलं. खोली रिकामी होती की नव्हती, हे बाहेरून कोणी ठरवायचं? पण रिकाम्या खोलीत पन्नास वर्षं बोलणारा माणूस सहसा आत मिटत जातो, आणि त्या तर कोलकात्याच्या रस्त्यांवर पडलेल्यांकडे जात राहिल्या. हा पुरावा नाही, मला माहीत आहे. ही खूण आहे, आणि या प्रांतात खुणांवरच चालावं लागतं. एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी: मनाचा आजार आणि ही रात्र एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि आजाराला वैद्य लागतो. ज्याची झोप उडाली आहे, जगणं नको झालं आहे, त्याला ‘नाम घे’ म्हणून परत पाठवणारा ईयोबाच्या मित्रांहून वाईट.

जिजाबाईंचं नाव अजून घेतलं नाही. तुकोबांची ही दुसरी बायको, पुण्याच्या गुळव्यांची मुलगी, लोक तिला आवली म्हणतात. चरित्रांनी तिला कजाग ठरवलं, कीर्तनकारांनी तिच्यावर हशे वसूल केले. दिवाळखोर घर, पदरी पोरं, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नाम घेत बसलेला. ती घरात असेल नसेल ते रांधून भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि चढताना विठ्ठलाला शिव्या द्यायची. काळ्या, माझ्या संसाराचं वाटोळं केलंस म्हणायची. परंपरेतली गोष्ट अशी की एकदा वाटेत तिच्या पायात काटा मोडला, आणि तो काढायला विठ्ठल स्वतः आला. या गोष्टीत तुकोबा नाहीत, टाळ नाहीत, आळवणी नाही. भुकेल्या माणसासाठी बांधलेली भाकरी आहे, ठणकणारा पाय आहे आणि शिव्या आहेत. तरीही ज्यांनी ती रचली त्या लोकांनी देवाला तिच्या पायाशी बसवलं. का बसवलं, याचा विचार केला पाहिजे. तुकोबांनी अभंगांत जे केलं तेच ही बाई चढणीवर करत होती. तिनं विठ्ठलाविषयी कधी काही मत मांडल्याचं कोणी नोंदवलेलं नाही. ती त्याच्याशी बोलत होती, एकेरीत. तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. मागून जन्मलेला तो मुलगा नारायण. बापाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला वाढवलं ते विठ्ठलाला शिव्या देणाऱ्या आईनं. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि देहूहून पंढरीची वाट धरली.